आर्केड गेमची मजा नव्या मशिनांत परत मिळेल का?

तुमचा प्रश्न असा की जुने आर्केड गेम, म्हणजे पार्लरमध्ये कॉइन टाकून मोठ्या मशीनवर खेळायचे ते व्हिडिओ गेम, आता मोबाईलवर सहज खेळता येतात, तरी पूर्वीसारखं वाटत का नाही? आणि मॉलमधल्या गेम झोनमध्ये हलणाऱ्या खुर्च्यांची, व्हीआरची (डोळ्यांवर हेल्मेट चढवून आभासी जगात खेळायची) जी मोठी मशिनं आलीत, त्यांत ती मजा परत मिळेल का?

माझं उत्तर: अर्धी नक्की मिळेल. उरलेली अर्धी मशीन बनवणाऱ्यांनी मनावर घेतली तरच.

मोबाईलवर आलं ते नुसतं चित्र. आर्केडचा गेम चित्र आणि मशीन दोन्ही मिळून व्हायचा. सेगा या जपानी गेम कंपनीचा १९८५ चा 'हँग-ऑन' घ्या. त्याच्या मोठ्या मॉडेलला बसायला अख्खी मोटारसायकल होती. वळण आलं की तुम्ही गाडीसकट एका अंगाला कलायचं. गाडी कलायची ती तुमच्याच वजनाने. हा गेम करणाऱ्या यू सुझुकी यांनीच पुढच्या वर्षी 'आउट रन' आणला. त्याच्या डीलक्स मशीनमध्ये लाल गाडीत बसायचं. पायाशी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, हाताशी गिअर. सुरुवातीला पडद्यावर गाडीचा रेडिओ येतो आणि तीन धुनांपैकी एक तुम्ही स्टिअरिंग फिरवून निवडता. मग गाडी सुटते, वळणावर मोटरने सगळी केबिन डोलते, गाडी धडकली की स्टिअरिंग हातात थरथरतं. हाच गेम फोनच्या काचेवर अंगठ्याने खेळला तर रस्ता तोच, धून तीच, पण अंगाला काहीच कळत नाही. तुम्हाला 'पूर्वीसारखं' वाटत नाही ते यामुळे, वय वाढल्यामुळे नाही.

१९९० मध्ये तर सेगाने आर-३६० काढलं. पट्ट्यांनी बांधून बसवायचं आणि विमानासारखं खरोखर उलटं-पालटं फिरवायचं. शेजारी देखरेखीला माणूस लागायचा. म्हणजे 'इमर्सिव्ह' (खेळणाऱ्याला गेममध्ये पुरतं बुडवणारं) म्हणून आज जे विकलं जातं, त्याची मुळं त्याच काळात आहेत. ती मशिनं मागे पडली कारण किंमत, जागा आणि दुरुस्ती तिन्ही जड होतं, आणि चित्रापुरतं आर्केड घरी येऊ लागलं होतं. नामकोचा 'रिज रेसर' १९९३ मध्ये आर्केडला आला आणि १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन या गेम मशीनबरोबरच दुकानात मिळू लागला. घरी टीव्हीवर तेच दिसतंय म्हटल्यावर पैसे मोजायला बाहेर कोण जाणार?

आता आपल्याकडचं बोलू. ही डोलणारी मशिनं आमच्या नाशिकच्या पार्लरमध्ये कधी दिसली नाहीत. तिथे प्लायवूडचे खोके, आत जुना टीव्ही, दोन जॉयस्टिक आणि हात लागून लागून गुळगुळीत झालेली बटणं. तरीही त्या काळात वाढलेल्या कुणालाही 'मुस्तफा' म्हणा, चेहरा लगेच खुलतो. कॅपकॉमच्या १९९३ च्या त्या गेमचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण आम्ही तो त्यातल्या मुस्तफाच्या नावानेच मागायचो. पिंप फोडलं की खाण्याची वस्तू बाहेर पडायची, आणि मागून आरडाओरडा सुरू: "ए, ते तू नको खाऊ, त्याची लाइफ संपत आलीय, त्याला घेऊ दे!" ओरडणारा स्वतः खेळत नसायचा. त्याच्या खिशात बहुधा पैसेही नसायचे. पण बॉस (शेवटी येणारा मोठा शत्रू) कुठून येतो, कधी उडी मारायची, हे त्याला खेळणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं. पुढचा नंबर लावायला कॉइन पडद्याखालच्या पट्टीवर ठेवून द्यायचं, ते कुणी उचलत नसे.

ही ती दुसरी अर्धी मजा. मशीन खेळणाऱ्याचं होतं तसंच मागे उभ्या असणाऱ्यांचंही होतं.

व्हीआरच्या हेल्मेटचं मला इथेच वाईट वाटतं. खेळणाऱ्याला आत अख्खं जग दिसतं, बाहेरच्याला दिसतो डोळे झाकून हात हलवणारा माणूस. १९९१ च्या सुमारास व्हर्च्युअलिटी कंपनीची व्हीआर मशिनं आर्केडमध्ये आली, तेव्हापासून हा पेच आहे. बाहेर एक स्क्रीन लावतात, पण ती बहुतेक कोपऱ्यात असते. याउलट कोनामीचं १९९८ चं 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' बघा: पायांखाली बाणांचे चौकोन, समोर पडदा, खेळणारा घामाघूम, आणि मागे घोळका टाळ्या देतोय. अंगही गुंतलं, माणसंही गुंतली. 'हेलो: फायरटीम रेव्हन' (२०१८) हे अलीकडचं मशीनही मला याच कारणासाठी आवडतं. १३० इंची पडदा, समोर चार बंदुका, चौघं शेजारी-शेजारी. हेल्मेट नाही, त्यामुळे मागून जाणाराही थांबून बघू शकतो.

म्हणून गेम झोनमध्ये गेलात तर एकटे जाऊ नका, आणि सरळ हेल्मेटच्या रांगेत उभे राहू नका. आधी पेडलवाल्या गाड्या किंवा बाइक शोधा, शक्यतो दोन जोडलेल्या असतील अशा. ज्याला गेम येत नाही त्याला आधी बसवा आणि तुम्ही मागून ओरडा. व्हीआर त्यानंतर घ्या, आणि बाहेरची स्क्रीन चालू आहे का ते कार्ड स्वाइप करण्याआधी विचारा. बंद असेल तर चालू करायला सांगा, बरेचदा करतात.