पंखा निवडला कोणी?

नाशिकच्या गंगापूर धरणाजवळच्या एका वाचकाने मुंबईच्या विक्रेत्याकडून ४० अश्वशक्तीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचं) इंजिन आणि त्याचा पंखा (प्रोपेलर) घेतला. सहा माणसं बसली की बोट जोर धरत नाही. मॅन्युअलमध्ये मिनिटाला ५,००० ते ६,००० फेरे, यांचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला ४,५०० वरच अडतं. वर्षाच्या आत पिस्टन गेला. विक्रेता म्हणतो, पंखा चुकीचा होता, वॉरंटी नाही. केस होईल का?

होईल. पाण्याचा पंप असो की बोटीचा पंखा, असे वाद शेवटी एकाच जागी येतात : वस्तू निवडली कोणी? माल विक्री अधिनियम, १९३० चं कलम १६(१) सांगतं, गिऱ्हाइकाने काम सांगितलं आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो त्या कामाला योग्य हवा. नग आपणच ठरवून मागितला, तर विसंबलो कसं म्हणणार?

तुम्ही मला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये आहे, ‘अलिबागच्या मित्राकडे १३ पिचचा आहे, तोच द्या.’ (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदोपत्री जितके इंच पुढे सरकतो ते.) हा मेसेज तुम्हाला बुडवतो. पण आधी म्हणे तुम्ही विचारलं होतं, ‘धरणात चालवायचीय, सहा माणसं, कोणता बसेल?’ आणि उत्तर आलं, ‘हाच बसेल, बिनधास्त.’ मग तेवढंच का कापलंत? जुना फोन शोधा. अख्खी केस त्या दोन ओळींत आहे.

तांत्रिक बाजू तशी बरी आहे. अलिबाग समुद्रकाठी, आपण साधारण ६०० मीटर उंचीवर. हवा विरळ झाली की दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्के घटते. तिथला पंखा इथे जड पडणार. पिच एक इंच उतरवली की फेरे दीड-दोनशेने वाढतात, हे विकणाऱ्याला ठाऊक हवं. पिस्टन त्यानेच गेला का, ते तज्ज्ञ सांगेल. पैसे घेऊन फेऱ्या मारत असाल तर ‘व्यापारी हेतू’चा मुद्दा निघेल (धंद्यासाठी माल घेणारा ‘ग्राहक’ धरला जात नाही), स्वतःच्या पोटापाण्याचा धंदा असेल तर बचाव आहे, पण खात्री देत नाही.

ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची, त्यातले वीस महिने तुम्ही फोन करण्यात घालवलेत. इंजिन बंद पडलं त्या दिवसापासूनच मोजा. नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही. तक्रार नाशिकलाच करता येते. निकाल कायद्याने तीन महिन्यांत, मालाची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात किती, ते विचारू नका.

आणि पंखा अंबड लिंक रोडला भंगारात दिलात? बहुतेक पंख्यांच्या हबवर व्यास आणि पिचचे आकडे कोरलेले असतात, तोच तुमचा पुरावा. उद्या सकाळी जा, दुप्पट पैसे मागितले तरी परत आणा.