स्टार चार, आणि मुलगा साइडलाइनवर

पत्र: 'माझा मुलगा टेक्सासमधल्या शाळेतून अमेरिकन फुटबॉलचा ऑफेन्सिव्ह टॅकल (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या ओळीतला) म्हणून बाहेर पडला तेव्हा रिक्रूटिंगच्या (कॉलेजांनी खेळाडू निवडण्याच्या) सगळ्या याद्यांत त्याला पाचपैकी चार स्टार होते. आता कॉलेजच्या टीममध्ये पहिलं वर्ष. नऊ मॅच झाल्या, तीन बाकी आहेत. तो तीनच मॅचमध्ये उतरला, त्यातल्या एकीत फक्त एका किकसाठी. नवरा म्हणतो, जानेवारी 2026 मध्ये ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव टाकू. नाशिकहून सासूबाई दर रविवारी विचारतात, "टीव्हीवर कधी दिसणार?" मुलगा फोनवर हल्ली गप्प असतो. काय करू?' – एक आई, फ्रिस्को

ताई,

पत्रात सगळ्यात मोलाचा आकडा तुम्ही जाता जाता लिहून गेलात: नऊपैकी तीन. 2018 पासूनचा नियम असा की मोसमात चार किंवा त्याहून कमी मॅच खेळलेल्या मुलाचं ते वर्ष खर्ची पडत नाही. पाच वर्षांत चार मोसम खेळण्याची त्याची मुभा शाबूत राहते. हेच ते रेडशर्ट. पण 'मॅच खेळला' म्हणजे एक स्नॅप, म्हणजे एकच चालसुद्धा. टचडाउननंतरच्या किकला तो ओळीत उभा राहिला, दोन-तीन सेकंदांत सगळं संपलं, तरी अख्खी मॅच खात्यात लागली. म्हणजे आता एकच शिल्लक. घोळ नेमका इथे होतो. नोव्हेंबरात कुणीतरी जखमी होतो, घाईत याला किकसाठी आत ढकलतात, पाचवी मॅच लागते आणि वर्ष हातचं जातं. म्हणून मुलाने याच आठवड्यात आपल्या लाइन कोचला विचारावं: माझं रेडशर्ट ठेवायचं ठरलंय का, आणि उरलेली एक मॅच कुठल्या कामासाठी राखलीय? असं विचारणं उद्धटपणाचं नाही. मात्र कोचला फोन तुम्ही करायचा नाही आणि बाबांनी तर मुळीच नाही.

आता स्टारबद्दल. ते शाळेतल्या खेळाचे आणि अंगकाठीच्या अंदाजाचे गुण आहेत. डेप्थ चार्टवर (जागेनुसार कोण कितव्या नंबरला, या यादीत) त्यांना रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. त्यातून ऑफेन्सिव्ह लाइन हे सगळ्यात उशिरा पिकणारं पीक. शाळेत 270 पौंडांचा मुलगा समोरच्याला नुसत्या ताकदीने उचलून बाजूला ठेवतो. इथे समोर बावीस वर्षांचा, चार वर्षं वेटरूममध्ये काढलेला डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, असतो. याला 300 च्या पुढे जायचंय, तेही पाय जड न होता. पास अडवताना मागे सरकण्याचं पहिलं पाऊल लांब पडलं की तोल जातो आणि समोरचा आतल्या बाजूने घुसतो. कंबर वर आली की तो छातीवर रेटत थेट क्वार्टरबॅकपर्यंत नेतो. हात बाहेरून पडले की होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवणं), म्हणजे दहा यार्डांचा दंड. यातलं एकही एका मोसमात पक्कं बसत नाही.

शिवाय या जागेचं गणितच वेगळं. डिफेन्सिव्ह लाइनमध्ये दमलेल्यांच्या जागी सारखी माणसं फिरवतात, चेंडू झेलणारे रिसीव्हरही फिरतात, त्यामुळे तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना थोडे तरी स्नॅप मिळतात. ऑफेन्सची पाचजणांची ओळ मात्र कोणी जखमी झाल्याशिवाय शक्यतो हलवत नाहीत. दुसऱ्या नंबरचा टॅकल अख्खा मोसम हेल्मेट हातात धरून उभा राहिला, तर त्याचं काही चुकलंय असं नाही. क्वार्टरबॅकचं याहून कठीण. आर्च मॅनिंग 2023 च्या बॅचमधला सर्वांत गाजलेला मुलगा, तरी टेक्सास विद्यापीठात दोन मोसम क्विन इवर्सच्या मागे थांबला आणि 2025 मध्ये स्टार्टर झाला.

पोर्टलकडे येऊ. 2026 ची खिडकी, म्हणजे नाव टाकण्याची मुदत, 2 ते 16 जानेवारी. मुलाने लेखी कळवलं की कॉलेजला कामकाजाच्या दोन दिवसांत नाव चढवावंच लागतं, आणि त्यानंतरच दुसऱ्या कॉलेजांनी त्याच्याशी बोलायचं असतं. आत्ताच कुणी 'जागा तयार आहे' म्हणून फोन करत असेल, तर तो नियम मोडतोय आणि त्याचा शब्द कागदावर कुठेच नाही. नाव चढलं की सध्याचं कॉलेज टर्म संपताच स्कॉलरशिप थांबवू शकतं, परत घेण्याचं बंधनही त्यांच्यावर नाही. खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या 2025 च्या कोर्ट समझोत्यानंतर त्यात सामील कॉलेजांना फुटबॉलच्या रोस्टरवर (संघाच्या यादीवर) 105 खेळाडूंची मर्यादा आहे, त्यामुळे 'बघू, कुठेतरी घेतील' हे पूर्वीइतकं सोपं नाही. पोर्टलमध्ये बाकी खूप मुलं असतात, आणि मॅचमधल्या स्नॅपची फिल्म (रेकॉर्डिंग) नसलेला टॅकल तिथे शेवटी जुन्या स्टारवरच विकला जातो.

आणखी एक गोष्ट बाबा विसरतात: अभ्यास. फुटबॉलवाल्यांना या फॉल टर्ममध्ये 9 क्रेडिट पास करावेच लागतात, नाहीतर पुढच्या मोसमाच्या पहिल्या चार मॅच हुकतात. तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा 40 टक्के भाग झालेला लागतो, आणि कॉलेज बदललं की काही क्रेडिट नव्या पदवीत धरत नाहीत. कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसमध्ये (नियम सांभाळणाऱ्या विभागात) बसून हा हिशेब आधी कागदावर मांडून घ्या.

माझं मत: या जानेवारीत नाव टाकू नये. मोसम संपल्यावर कोचशी एकट्याने बसायची भेट असते, तिथे मुलाने नेमकं विचारावं. कोणते टॅकल पदवी घेऊन जाताहेत? तुम्ही पोर्टलमधून टॅकल आणणार का? वसंतातल्या 15 सरावांत मला कोणत्या जागी, कितव्या नंबरला लावणार? एक वजन आणि एक कौशल्य सांगा, जे उन्हाळ्यापर्यंत दिसायला हवं. उत्तरं आकड्यांत आली तर थांबावं. 'मेहनत करत राहा' एवढंच आलं, किंवा त्याच्याच वयाचा दुसरा टॅकल पुढे गेलेला दिसला, तर पुढच्या वर्षी जाण्याची तयारी शांतपणे करावी. मुख्य कोचच बदलला तर पोर्टलची वेगळी मुदत मिळते, तेव्हा पुन्हा विचार करा. क्वार्टरबॅक जो बरो ओहायो स्टेटला तीन वर्षं थांबला, पदवी हातात घेऊन एलएसयूला (लुइझियाना स्टेट) गेला आणि 2019 चा हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकला. दुसरा क्वार्टरबॅक मॅक जोन्स अलाबामातच थांबला, 2020 मध्ये स्टार्टर आणि राष्ट्रीय विजेता झाला. दोघांनाही घाई नडली नाही, कारण ती त्यांनी केलीच नाही.

कॉलेजकडून पैशाचा करार पुढे आलाच, तर मुलगा सोडून गेल्यास रक्कम परत करण्याचं कलम वकिलाकडून वाचून घ्या. (मुलगा तिथलाच नागरिक असेल असं धरते. एच-4 (आश्रित) किंवा एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलांनी सही करण्याआधी इमिग्रेशन वकील गाठावा.)

फोनवर 'खेळलास का?' विचारणं बंद करा. तो आठवडाभर स्काउट टीममध्ये पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करत आपल्याच स्टार्टर डिफेन्सशी झुंजतो. त्याची फिल्म कोच पाहतात, बाकी कोणी नाही. या आठवड्यात कोणाची नक्कल केलीस, तो एंड कोणत्या बाजूने घुसला, वजन किती झालं, असं विचारून बघा. त्याच्याकडे सांगण्यासारखं बरंच असणार. आणि सासूबाईंना त्या एका किकचं रेकॉर्डिंग पाठवा. ओळीत तो कुठे उभा आहे ते आधी सांगा, नाहीतर दोन सेकंदांत हुकेल.