सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनमध्ये रिकामे काडतूस अडकते: दोष कुठे शोधावा?

नागपुरात पावसाळाभर कपाटात राहिलेल्या आपल्या गॅसवर चालणाऱ्या (गोळीच्या धुराच्या दाबावर स्वतःच पुढचे काडतूस भरणाऱ्या) बाराबोर बंदुकीत रिकामे काडतूस पूर्ण बाहेर न पडता अडकत असेल, तर स्प्रिंग बदलण्याआधी गॅस पिस्टन आणि नळीतील गॅसची बारीक छिद्रे स्वच्छ करावीत. बोल्ट, म्हणजे रिकामे काडतूस ओढून बाहेर टाकणारा सरकता भाग, मागे ढकलण्याचे बळ याच छिद्रांतून येणाऱ्या गॅसपासून मिळते; तेथे काजळी साचली, किंवा जास्त दिलेले तेल धुळीत मिसळून घट्ट झाले, की बोल्ट पुरता मागे जात नाही. प्रथम बंदूक रिकामी करून चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) आणि मॅगझीन (काडतुसे साठवण्याची नळी) डोळ्यांनी व बोटाने तपासावे. मग पुढची मूठ व नळी काढून पिस्टनवरील काळा थर सफाईच्या द्रावणात विरघळू द्यावा, तो कापडाने पुसावा आणि तेलाचा केवळ पुसट हात फिरवावा. (माणसे तेल कमी देत नाहीत, जास्तच देतात.) चेंबरमध्ये गंजाचे ठिपके असतील, तर काडतूस तेथेच चिकटते, आणि आपल्याकडील दमट महिन्यांनंतर ही शक्यता बरीच असते. काडतूसही पाहावे: जड भारासाठी बनवलेली बंदूक ट्रॅप-स्कीटच्या (उडत्या चकत्यांवरील नेमबाजीच्या) २४ ग्रॅम छऱ्यांच्या हलक्या काडतुसांवर अडखळू शकते. मात्र बंदूक इनर्शिया पद्धतीची, म्हणजे गॅसऐवजी धक्क्यावर चालणारी असेल, तर गॅसची छिद्रे नसतातच; तेथे दस्ता खांद्याला सैल टेकवल्यानेही हाच दोष दिसतो. घोड्याच्या यंत्रणेला हात लावू नये. ते काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच द्यावे.