बेळगावात परसात सफरचंद लावायचं तर कुठली जात घ्यावी?

टिळकवाडीत घरामागं दोन झाडांपुरती जागा आहे, काश्मिरी डेलिशस लावू का एचआरएमएन-९९, आणि कुंडीत येईल का, असं विचारलंय तुम्ही.

डेलिशस नको. आमच्या दादानं शिमल्याच्या ट्रीपवरनं रॉयल डेलिशसची दोन कलमं आणली, ओल्या पोत्यात गुंडाळून, रेल्वेत मांडीवर घेऊन आला गडी. सहा वर्षं झाली, एक फूल नाही. त्याला हजारेक तास ७ डिग्रीच्या खालची थंडी लागते आणि आपल्याकडं जानेवारीतसुद्धा रात्री पारा १३-१४ च्या खाली फार उतरत नाही. हे सांगितलं तर म्हणतो शेणखत कमी पडतंय. दरवर्षी चार बुट्ट्या शेणखत घालतोय, झाड माजलंय नुसतं, वहिनींनी दोरी बांधून कपडे वाळत घालायला सुरुवात केली.

मग मी इरेला पेटून अ‍ॅना लावलं. मूळ इस्रायलची जात, थंडी कमी लागते, नर्सरीतल्या पाटीवर 'अण्णा' लिहिलेलं म्हणून आम्ही पण अण्णाच म्हणतो. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत फुललं, कळी गुलाबी, उमलल्यावर पांढरं, मी रोज चहा घेऊन तिथंच उभा. आठ-दहा दिवसात सगळी फुलं खाली. दादा म्हणाला, अण्णा वांझ निघाला की! नर्सरीवाल्यानं सांगितलंच नव्हतं की याला परागासाठी जोडीदार लागतो. मग डॉरसेट गोल्डन आणलं, दोन्ही एकाच वेळी फुलतात. आणि झाड आपल्याकडं झोपतच नाही, पानं हिरवीच राहतात, म्हणून डिसेंबरात पाणी तोडून हातानं सगळी पानं काढायची, पानाच्या बुडाशी असलेल्या डोळ्याला, म्हणजे कोंबाला, धक्का न लावता. आम्ही घरचे चौघं दोन दिवस तेच करत होतो, शेजारीण विचारते काय रोग पडला काय.

त्या मे महिन्यात १४ फळं धरली. लसणाच्या जाळीच्या पिशव्या बांधल्या म्हणून पोपटांच्या तावडीतनं ११ वाचली. दादानं विळीवर कापून एक अख्खं खाल्लं आणि म्हणाला, आंबट आहे. आंबटगोड असतंच ते, टिकत पण नाही फार दिवस, पण आलं का नाही बेळगावात?

एचआरएमएन-९९ मी स्वतः लावलेलं नाही. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मांनी काढली ती जात, २०२५ ला पद्मश्री मिळाली त्यांना, ते गाव पण फार उंचावर नाही. एकटं झाड फळतं म्हणतात. मला विचाराल तर अण्णा आणि डॉरसेटच लावा, १०-१२ फुटावर.

हां, आपला पाऊस विसरू नका, बुडात पाणी साचलं तर मूळ कुजतं, उंचवटा करूनच लावा. कुंडीत लावायची असली तर मोठा ड्रम घ्या. आणि कलमच घ्या, बी लावून नाही. फुलं आली की फोटो टाका इथं, दादाला दाखवायचेत.