ट्रॉमा थेरपी, म्हणजे मनावर बसलेल्या धक्क्यावरचे उपचार, ऑनलाइन घेऊन खरंच गुण येतो का?

तुम्ही लिहिलंय की एसटीच्या अपघाताला वर्ष होऊन गेलं तरी रात्री दचकून जाग येते, बसमध्ये पाय ठेववत नाही. तालुक्याच्या गावात या उपचारांचा जाणकार नाही आणि 'व्हिडिओ कॉलवर बोलून काय होणार?' असं घरचे म्हणतात. माझे सगळे उपचार ऑनलाइनच झाले आणि मला गुण आला, म्हणून लिहिते.

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा सासूबाई आणि मी माळ्यावर अडकलो. नंतर चिखल काढला, दुकान परत लावलं, लोकांच्या लेखी विषय संपला. पण पुढच्या पावसाळ्यात पत्र्यावर सर वाजली की माझे हातपाय गार पडायचे. रात्री उठून बॅटरी घेऊन उंबऱ्यापाशी पाणी आलंय का बघत बसायची. शेवटी आमच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमचा नंबर दिला.

त्यांनी जी पद्धत वापरली तिला प्रोलाँग्ड एक्स्पोजर म्हणतात. एड्ना फोआ या मानसशास्त्रज्ञांनी ती विकसित केली. साधारण ८ ते १५ सेशन चालते. डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतोय असा सांगायचा, पुन्हा पुन्हा, आणि त्याचं रेकॉर्डिंग रोज ऐकायचं. पहिले काही दिवस फार जड जातात, हे आधीच सांगून ठेवते. अमेरिकेत माजी सैनिकांना हीच थेरपी काहींना समोरासमोर आणि काहींना व्हिडिओवर देऊन तुलना झाली आहे. व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. ईएमडीआर ही दुसरी पद्धत, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये शिफारस केलेली. तीही ऑनलाइन होते. स्क्रीनवर सरकणाऱ्या ठिपक्यामागे नजर फिरवायची किंवा हात छातीवर आडवे घेऊन खांद्यांजवळ आलटून पालटून थोपटायचं. ही थोपटण्याची रीत मेक्सिकोतल्या अकापुल्कोमध्ये, चक्रीवादळातून वाचलेल्या लोकांसोबत काम करताना निघाली, हे मला मॅडमनी सांगितलं तेव्हा फार धीर आला होता.

खरी अडचण स्क्रीनची नसते, घरातल्या जागेची असते. आमच्या घरात बंद होणारं दार एकच, तेही बाथरूमचं. बाहेर टीव्ही चालू असताना 'मला वाटलं आम्ही मरणार' हे मोठ्याने कसं म्हणणार? मी मैत्रिणीच्या शिवणाच्या खोलीची किल्ली मागून घेतली. दुपारी तिथे कुणी नसायचं. सेशन सुरू झालं की मॅडम आधी विचारायच्या: आत्ता नेमकी कुठे बसली आहेस, दार लावलंय का, रेंज गेली तर कोणत्या नंबरवर फोन करू, जवळ कोण आहे? मध्ये कुणी आलंच तर 'उद्या फोन करते' म्हणायचं, म्हणजे त्या विषय बदलणार, असं ठरलं होतं. सेशन संपल्या संपल्या स्वयंपाकाला लागू नका. दवाखान्यातून घरी येताना जो वेळ मिळतो तो इथे मिळत नाही, तो मुद्दाम काढावा लागतो. मी बाजारपेठेतून एक फेरी मारून मगच घरी जायची.

उलट एक गोष्ट पुण्याला जाऊन झालीच नसती. या थेरपीत जे टाळतो तिथे टप्प्याटप्प्याने जायचं असतं. माझी भीती पुण्यात नव्हतीच, ती वाशिष्ठीच्या पुलावर होती. भर पावसात मी पुलावर उभी राहिले तेव्हा मॅडम इयरफोनमध्ये होत्या, 'भीती आता दहापैकी किती?' विचारत होत्या. आकडा खाली येईपर्यंत तिथून हलायचं नाही, असं ठरलेलं होतं.

थेरपिस्ट निवडताना आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक मागा, त्यात संकोच नको. ट्रॉमासाठी कोणती पद्धत शिकलात हेही विचारा. ओळख, झोप, औषधं, धोका यातलं काही न विचारता पहिल्याच कॉलला 'सगळं सांगा' म्हणणारी व्यक्ती मला तरी नको वाटते. तुम्हाला मराठीतून बोलायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा. असा प्रसंग परक्या भाषेत सांगताना तो जरा लांबचा वाटतो, आणि इथे तर त्याच्या जवळ जायचं असतं.

मनात जिवाचं काही करून घ्यायचे विचार येत असतील, दारू वाढली असेल किंवा त्रास देणारा माणूस त्याच घरात असेल, तर आधी प्रत्यक्ष मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलतात.

तुमच्या बाबतीत पुढे उभ्या एसटीत बसणं, मग एका थांब्यापर्यंत जाणं असे टप्पे येतील. त्या वेळी फोनवर सोबत राहाल का, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्या.