शाफ्ट कापण्याआधी तीन मापं घ्या

तुमचा प्रश्न असा, की महिंद्राच्या जुन्या सीजे ३बी जीपला मागची हौसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचं कवच) दुसऱ्या गाडीची बसवली, जुना प्रोपेलर शाफ्ट (गिअरकडून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा दांडा) आता लांब पडतोय आणि टर्नर म्हणतोय, "दोन इंच कापून देतो, बसेल." बसेल हो, पण टिकणार नाही. अजून कापला नसेल तर कृपया थांबा.

शाफ्टला एकच लांबी नसते. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना एक, पाटे (पट्टीच्या स्प्रिंगा) पुरते दबल्यावर दुसरी, चाकं लोंबकळताना तिसरी. स्लिप जॉइंटला, म्हणजे शाफ्टच्या आतबाहेर सरकणाऱ्या जोडाला, या तिन्हींत सरकायचं असतं. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा चासी घोड्यांवर (स्टँडवर) होती, हौसिंग लोंबकळत होती आणि त्याच स्थितीत माप घेतलं. शाफ्ट छान बसला. मग मागे चार माणसं घेऊन घाटात गेलो आणि एका खड्ड्यात खालून धाडकन आवाज आला. स्लिप तळाला टेकला होता आणि सगळा धक्का ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारी पेटी) मागच्या बेअरिंगने खाल्ला. घरी आलो तोवर सीलमधून तेल ठिबकत होतं, उघडल्यावर बेअरिंगच्या वाटीवर खड्डे पडलेले दिसले.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढून काहीही उपयोग नाही, गाडी सरळ चालू लागते. चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय खाली शिरू नका.

आणि गाडी फोर व्हील असेल तर पुढच्या-मागच्या हौसिंगचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) सारखा आहे का बघा. सीजे ३बीचा मूळ ५.३८, म्हणजे पिनियनला (हौसिंगमधलं शाफ्टकडचं लहान चक्र) ८ दात आणि क्राउनला (त्यात अडकणारं मोठं चक्र) ४३. मागचा वेगळा निघाला तर शाफ्टचं पुढे बघू, आधी ते निस्तरा.

आता माप. हौसिंग तिच्या कायमच्या जागी हवी. पाट्याच्या बैठका नुसत्या वेल्डिंगच्या टाक्यांवर ठेवा, यू-बोल्ट आवळा, टायर लावा, गाडी खाली सोडा आणि सपाट जागेवर दोन-चार वेळा पुढेमागे ढकला, म्हणजे पाटे बसतील. मग ट्रान्सफर केसच्या फ्लँजच्या (शाफ्ट जिथे जोडतात ती चकती) मध्यापासून पिनियन फ्लँजच्या मध्यापर्यंत सरळ तिरकी टेप लावा, चासीला समांतर नव्हे. दुसरं माप मागे वाळूच्या गोण्या टाकून, बंप रबर (हौसिंगला वर जाण्यापासून अडवणारं रबर) टेकेपर्यंत. तिसरं चासी उचलून, चाकं लोंबकळती ठेवून.

कागदावर हिशोब करून हे निघत नाही. पाटा दबून सरळ झाला की लांब होतो आणि शॅकल (पाट्याची झुलती कडी) मागच्या टोकाला असल्यामुळे हौसिंग मागे जाते. त्याच वेळी ती वर येते, शाफ्टचा उतार कमी होतो आणि अंतर घटतं. दोन्ही ओढाताणी उलट दिशेच्या. कोणती जिंकेल ते तुमच्याच गाडीवर टेप लावून कळेल.

समजा उभ्या गाडीचं माप २१½ इंच आलं, दबलेलं २१ आणि लोंबकळतं २२¼. सगळ्यात लहान मापातून अर्धा इंच वजा करा. म्हणजे स्लिप पूर्ण आत असताना शाफ्ट २०½ इंचाचा हवा, आणि उभ्या गाडीत आत जायला इंचभर जागा राहते. लोंबकळताना तो पावणेदोन इंच बाहेर येईल. तेव्हाही स्प्लाइनच्या (स्लिपमध्ये सरकणारा खाचांचा दांडा) व्यासाइतकी तरी लांबी आत पकडीत राहिली पाहिजे. राहत नसेल तर जास्त लांब स्लिप शोधा, शाफ्ट लांब करून भागवू नका.

तुमच्या फोटोत नव्या हौसिंगचा गोळा (पिनियन-क्राउन असलेला फुगीर भाग) मधोमध दिसतोय. सीजे ३बीच्या ट्रान्सफर केसचा मागचा आउटपुट मात्र उजवीकडे आहे. वीस इंची शाफ्टवर तीन इंचांचं आडवं अंतर म्हणजे साडेआठ अंश. उभा उतार १० अंशांचा असेल तर दोन्ही मिळून क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाचा वाकता सांधा) १३ अंश पडतात, आणि इतक्या कोनात क्रॉस फार दिवस निभत नाही. म्हणून बैठका वेल्ड करण्याआधी हौसिंग बाजूला सरकवता येते का बघा. पिनियन आणि आउटपुट वरून पाहिलं तरी आणि बाजूने पाहिलं तरी समांतर हवेत. एका अंशाहून जास्त फरक नको. मोबाइलमधलं कोनमापक फ्लँजवर ठेवलं तर पुरतं.

टर्नरला सांगा, शाफ्टच्या नळीला मध्ये जोड नको. टोकाचं वेल्डिंग लेथवर सोलून योक (क्रॉस धरणारा दुबेळका भाग) काढायचा, नळी कापायची, योक पुन्हा ठोकून चार टाके मारायचे आणि डायल गेज लावून फिरवायचा. लचक (फिरताना दिसणारा वाकडेपणा) अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली की मगच पूर्ण वेल्ड, त्यानंतर बॅलन्सिंग. ताशी ६० किलोमीटरला हा शाफ्ट मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेतो, बॅलन्सिंगचे पैसे वाचवू नका. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. स्लिप एक दात चुकवून घातला तरी गाडी थरथरते, म्हणून उघडण्याआधी दोन्ही भागांवर खूण करा.

बसवल्यावर स्प्लाइन पुसा, रबराचं कडं स्लिपच्या तोंडाला भिडवून ठेवा आणि गाडी नेहमीच्या खराब रस्त्यावर माणसं बसवून फिरवून आणा. परत आल्यावर खाली शिरून बघा कडं किती सरकलंय. स्लिप जिथवर आत गेला तिथवर ते ढकललेलं असेल. त्याच्यापुढे अर्ध्या इंचापेक्षा कमी जागा उरली असेल तर शाफ्ट काढून पुन्हा टर्नरकडे न्या.