कोमिकेला जाताना सुटे पैसे न्या

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की नेरळ–माथेरानच्या गाडीविषयी मैत्रिणीने आणि मी तयार केलेली चोवीस पानी पुस्तिका आम्ही टोकियोच्या ‘कॉमिक मार्केट’ या हौशी पुस्तिकांच्या मेळ्यात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘कोमिके’त, टेबल मांडून विकली. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं.

ताई, मी कोथरूडला राहतो. जपानीची एन-३, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा पास झालोय. ऑगस्टमध्ये कंपनीच्या कामाने टोकियोला येणार आहे आणि नेमका त्याच आठवड्यात कोमिके आहे. शाळेपासून मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचतोय. पण मित्र म्हणतात, तिथली गर्दी दादर स्टेशनच्या वरताण असते, उन्हात करपशील आणि हाती काही लागणार नाही. जाऊ का? — एक वाचक, पुणे

जा. मित्र गर्दीबद्दल खोटं सांगत नाहीत. २०१९ च्या डिसेंबरात चार दिवसांत साडेसात लाख लोक आले होते. आता दोन दिवसच भरतो आणि तिकिटांवर मर्यादा आहे, तरी दोन दिवसांत अडीच-तीन लाख होतातच. ऑगस्टमधली टोकियोची हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी घामट, आणि रांग बहुतेक उघड्यावर. २०१३ च्या उन्हाळ्यात लोकांच्या घामाच्या वाफेने सभागृहाच्या छताखाली धुकं धरलं होतं, हे तिथले जुने लोक आजही सांगतात.

पण ही गर्दी कशाची आहे ते समजून घे, मग तिचा त्रास निम्मा होतो. तिथे कंपन्यांचे स्टॉल एका बाजूला असतात. बाकीची हजारो टेबलं असतात स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापून आणणाऱ्या लोकांची. एका टेबलाची अर्धी बाजू, दोन खुर्च्या, वर एक कापड, एवढीच जागा. २१ डिसेंबर १९७५ ला मेळा पहिल्यांदा भरला तेव्हा पुस्तिका काढणारे ३२ गट होते आणि सातशेच्या आसपास माणसं. तेव्हापासून त्यांनी एक गोष्ट धरून ठेवली आहे: तिथे ग्राहक कुणीच नाही. विकणारा, घेणारा, दारावर उभा राहणारा स्वयंसेवक, सगळे सहभागी. कर्ण्यावरून रांगा हलवणारी ती हजारो माणसं बिनपगारी काम करतात. म्हणूनच सकाळी दार उघडल्याची घोषणा झाली की सगळं सभागृह टाळ्या वाजवतं. संध्याकाळी संपल्यावर पुन्हा. दिवसभर उभं राहून पाय सुजलेली माणसं त्या टाळ्या मनापासून वाजवतात, आणि मला दर वेळी भरून येतं.

आता कामाचं. तिकीट आधी घ्यावं लागतं, दारावर मिळेल या भरवशावर येऊ नकोस. लवकरच्या प्रवेशाचं तिकीट मिळालं नाही तर दुपारचं घे, आणि तुझ्यासारख्या पहिल्यांदा येणाऱ्याला मी दुपारचंच सुचवेन. रात्री जाऊन रांग धरायला सक्त मनाई आहे, कुणी ‘चल, आधीच जाऊन बसू’ म्हणालं तर ऐकू नकोस. मेळा टोकियो बिग साइट या प्रदर्शन-केंद्रात भरतो; रिंकाई रेल्वेमार्गावरच्या कोकुसाई-तेन्जिजो स्टेशनवर उतर, पुढे लोकांच्या मागोमाग चालत राहा. टोपी, दोन बाटल्या पाणी, मिठाच्या गोळ्या, मानेभोवती ओला टॉवेल. शाकाहारी असशील तर उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, सकाळीच घेऊन ठेव, आत खाण्यासाठी पुन्हा रांग लागते. चाकांची बॅग नको, ती लोकांच्या पायांवरून जाते. पुस्तकं जड झाली तर तिथूनच हॉटेलवर पार्सल करता येतात.

आणि सुटे पैसे. शंभर-पाचशे येनची नाणी आणि हजाराच्या नोटा. बहुतेक पुस्तिका पाचशे किंवा हजार येनला असतात, आणि टेबलामागे बसलेल्या माणसाला दहा हजाराची नोट दिली तर त्याचा गल्ला पहिल्या तासातच रिकामा होतो. टेबलामागे मी स्वतः बसते म्हणून कळवळून सांगते.

यादी छोटी ठेव. प्रत्येक गटाचं लहानसं चौकोनी चित्र आणि टेबलाचा क्रमांक असलेली सूची आधीच निघते. पूर्वी ती टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड असे, आता इंटरनेटवरही असते. पाच टेबलं निवड, बाकी वेळ नुसता फिर. कुठे? रेल्वे, प्रवास, खाणंपिणं असल्या विषयांच्या गल्ल्यांतून. तिथे गर्दी विरळ असते आणि माणसं बोलायला मोकळी असतात. एखादा फक्त बंद पडलेल्या बसमार्गांवर लिहितो, एखादी एकाच गावातल्या लोणच्यांवर. आमच्या टेबलाशी एक वयस्कर गृहस्थ थांबले, माथेरानच्या गाडीच्या रुळांमधलं अंतर दोन फूट हे वाचून त्यांचे डोळे चमकले. जपानच्या जुन्या छोट्या गाड्या बहुतेक ७६२ मिलिमीटरच्या, ही ६१० ची. इंजिनं कुणाची, असं त्यांनी विचारलं. ओरेन्स्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीची, म्हणताच ते म्हणाले, “कोपेल आमच्याकडेही होती!” आणि मग मागच्या लोकांना वाट देत देत आम्ही १९०७ पासूनचा घाट चढलो. तुझ्या एन-३ ला एवढं बोलणं नक्की झेपेल. पुस्तक चाळायचं असेल तर आधी “बघू का?” असं विचार, आवडलं नाही तर मान लववून परत ठेव. कुणीही वाईट वाटून घेत नाही.

माझी मुलगी टोकियोत शिकते. ती या मेळ्याला एका पात्राचा वेश करून जाणार म्हणते. तिथे प्रौढांची पुस्तकंही मिळतात असं ऐकलं. आम्हाला काळजी वाटते. — एक आई, नाशिक

तुमची काळजी रास्त आहे, तिला उडवून लावणार नाही. प्रौढांची पुस्तकं तिथे असतात, भरपूर असतात. पण विषयांप्रमाणे गल्ल्या आणि दिवस वाटलेले असल्यामुळे तुमच्या मुलीला तो भाग पूर्ण टाळता येतो. अठरा वर्षांखालच्यांना ती विकायला मनाई आहे, आणि प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत सकाळीच आयोजकांकडे द्यावी लागते, ती ते तपासतात.

वेशाचं म्हणाल तर घरून वेश करून येता येत नाही आणि वेशात घरी जाताही येत नाही. फी भरून आतल्या खोल्यांतच कपडे बदलायचे, मुलींच्या खोल्या वेगळ्या. फोटो ठरलेल्या मोकळ्या जागीच काढायचे, आणि विचारल्याशिवाय नाही. कुणी नको तसा कॅमेरा धरला तर तिने लगेच स्वयंसेवकाला हाक मारावी, मनात भिडस्तपणा ठेवू नये. तिला एकटीने न जाता मैत्रिणीबरोबर जायला सांगा, आणि भेटायची जागा सकाळीच ठरवायला सांगा. आत एवढे लोक असतात की फोन लागायला वेळ जातो. उन्हाळ्यात जाड कापडाचा, विगचा वेश असेल तर तासभरानंतर सावलीत बसायलाच हवं. मला तिच्यासाठी खरी भीती वाटते ती उन्हाची.

आणि एक विनंती. ती परत आल्यावर फोटो बघायला मागा. महिनोन्‌महिने रात्री जागून शिवलेला वेश असतो तो.

मी गेल्या हिवाळ्यात गेलो होतो. आवडत्या चित्रकाराच्या रांगेत दोन तास उभा राहिलो आणि माझ्या पुढे दहा-बारा माणसं असताना पुस्तक संपलं. त्याच संध्याकाळी तेच पुस्तक इंटरनेटवर चौपट किमतीला दिसलं. इतका राग आला की पुन्हा जावंसं वाटत नाही. — एक वाचक, सांगली

तुमचा राग मला पूर्ण पटतो. विकत घेऊन लगेच चढ्या भावाने विकणारे लोक मला सहन होत नाहीत. चित्रकाराला त्यातला एक येनही मिळत नाही, आणि दोन तास थंडीत उभा राहिलेला माणूस रिकाम्या हाताने जातो.

भिंतीलगतची टेबलं मिळतात ती सर्वांत लोकप्रिय गटांना, रांग बाहेर नेता यावी म्हणून. तिथे पुस्तक संपणं नेहमीचंच. छपाईचा पैसा चित्रकार पदरचा घालतो, उरलेले गठ्ठे घरी न्यायचे म्हणजे खोली भरते, म्हणून तो बेतानेच छापतो. पण कित्येक जण तेच पुस्तक नंतर तोरानोआना किंवा मेलनबुक्स या दुकानांत ठेवायला देतात, थोड्याच जास्त किमतीत. चित्रकाराने तसं जाहीर केलं आहे का, हे जाण्याआधी बघा. केलं असेल तर त्या रांगेत उभेच राहू नका. चौपट भावाचं मात्र घेऊ नका, कितीही हळहळ वाटली तरी.

गुडघ्यांमुळे मला गर्दीत उभं राहवत नाही. मुलाकडे टोकियोला येते आहे. हे सगळं बघायचं राहूनच जाणार का? — एक आजी, डोंबिवली

नाही, आजी. ‘कोमितिया’ नावाचा दुसरा मेळा आहे, १९८४ पासूनचा. तिथे फक्त स्वतःच्या मनातल्या गोष्टी रचणारे येतात, कोमिकेत असतं तसं दुसऱ्यांच्या पात्रांवर काही नाही. जागा तीच, टोकियो बिग साइट, पण गल्ल्यांतून नीट चालता येतं, आणि आलेल्या पुस्तकांच्या प्रती मांडलेला एक कोपरा असतो. दुपारी बारानंतर जा.

तेही नको वाटलं तर टोकियोतच, कान्दा-सारुगाकुचो भागात, मेइजी विद्यापीठाचं योनेझावा योशिहिरो स्मृतिग्रंथालय आहे. योनेझावांनी २००६ मध्ये वारेपर्यंत कोमिके चालवला, त्यांचा संग्रह तिथे आहे. कोमिकेला जमा झालेल्या पुस्तिकाही काही काळ तिथे वाचायला ठेवतात. सभासदत्वाची आणि वेळांची चौकशी मुलाला आधी करायला सांगा. वाचायला टेबल आहे, बसायला खुर्ची आहे. अक्षरं वाचता आली नाहीत तरी चित्रं बघा, आणि आवडलेल्या पुस्तिकेचं नाव मुलाला टिपून घ्यायला लावा. पुढच्या वेळी मी ते टेबल शोधून देईन.